पीसीसी पॅनेल: सरळ बारला नऊ गुण, जॉइंटला सहा

आधी निकाल सांगतो, तपशील नंतर. भोसरीच्या एका पॅनेल शॉपकडून आमच्या साखर कारखान्याने १६०० अँपिअरचं पीसीसी पॅनेल (पॉवर कंट्रोल सेंटर, ट्रान्सफॉर्मरची वीज पुढे वाटणारं) घेतलं. एक पूर्ण गळीत हंगाम ते चाललं आणि पॅनेलच्या कारणाने मिल एकदाही थांबली नाही. पत्रा, दारं, ब्रेकर, वायरिंगची सफाई, सगळं चांगलं. मात्र मी ज्या गोष्टीसाठी मुद्दाम लिहितोय, ते म्हणजे बसबारांमधलं (करंट वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधलं) अंतर, ते बार सरळ धावतात तिथं झकास होतं आणि बार जोडले जातात, केबलला भेटतात तिथं कमी पडत होतं. जॉइंटचं ट्रकवर चढण्याआधी दुरुस्त करून मिळालं, म्हणून शिफारस करतोय. शॉपचं नाव लिहीत नाही. पाहिलेल्या बऱ्याच शॉपांत हीच तऱ्हा आहे, एकट्यालाच कशाला झोडायचं.

पॅनेल असं आहे. ११ केव्ही / ४३३ व्होल्ट, १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरवर बसणारं. इनकमर, म्हणजे वीज आत घेणारा मुख्य ब्रेकर, १६०० अँपिअरचा ड्रॉआउट (बाहेर ओढता येणारा) एसीबी, पुढे वीज वाटणारे २५० आणि ४०० अँपिअरचे फीडर, त्यांवर एमसीसीबी हे छोटे ब्रेकर. बसबार अ‍ॅल्युमिनियमचे, प्रत्येक फेजला १०० बाय १० चे दोन बार, मध्ये १० मिमीची फट. बसबार चेंबर वर, केबल अ‍ॅली बाजूला. आतल्या कप्प्यांची विभागणी फॉर्म ३बी, धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा आयपी ५४, शॉर्टसर्किटचा ५० केए (किलोअँपिअर) एक सेकंद सोसणारं. रंग नेहमीचा आरएएल ७०३२. तीन कोटेशनांत किमतीने हे मधलं होतं. सगळ्यात स्वस्त कोटेशनात बसबार सपोर्टचं मटेरियल लिहिलेलंच नव्हतं, तेव्हा ते पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

सपोर्टवरून आठवलं. आमचं जुनं पॅनेल एका फॅब्रिकेटरने हायलमच्या (रेझिनच्या इन्सुलेटिंग शीटच्या) पट्ट्यांवर बार बसवून दिलेलं होतं. बाहेर काढलं तेव्हा वाय आणि बी फेजच्या (तीन फेज म्हणजे आर, वाय, बी) मधल्या पट्टीवर पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ होती. हवेतून अंतर भरपूर, पण पट्टीच्या पृष्ठभागावरून करंट हळूहळू वाट काढत होता. हवेतलं सरळ अंतर म्हणजे क्लिअरन्स, आणि इन्सुलेटरच्या अंगावरून मोजलेलं अंतर म्हणजे क्रीपेज. साखर कारखान्यात दुसरं जास्त महत्त्वाचं, कारण बगॅसची (रस काढलेल्या उसाच्या चोथ्याची) भुकटी सगळीकडे जाते. कोरडी असताना ती काही करत नाही. पावसाळ्यात ओल धरली, वर रसाच्या वाफेचा चिकटा बसला की तिचा थर वीज वाहायला लागतो. हायलम ओल पितं, आणि एकदा पृष्ठभाग जळला की तिथं कार्बनची वाट तयार होते. पुढचा करंट त्याच वाटेने जातो. नव्या पॅनेलमध्ये सपोर्ट एसएमसीचे (काचतंतू घातलेल्या साच्यातल्या प्लास्टिकचे), अंगाला खाचा असलेले आहेत. खाचेमुळे पृष्ठभागावरची वाट लांब होते आणि एसएमसी सहज ट्रॅक होत नाही, म्हणजे त्यावर अशी जळकी वाट पडत नाही. इथं पूर्ण गुण.

आता अंतराचे आकडे. आयएस/आयईसी ६१४३९ हे पॅनेलचं स्टँडर्ड उघडलं तर क्लिअरन्सचा तक्ता बघून पहिल्यांदा सगळेच चकित होतात. ६ केव्ही इम्पल्सला (व्होल्टेजच्या क्षणिक झटक्याला) ५.५ मिमी, ८ केव्हीला ८ मिमी, १२ केव्हीला १४ मिमी. आमचं पॅनेल ८ केव्हीचं, म्हणजे ८ मिमी पुरे. क्रीपेज ६३० व्होल्ट इन्सुलेशन आणि पोल्यूशन डिग्री (धूळ-ओलीची पातळी) ३ धरली तर मटेरियलच्या गटानुसार ८ ते १० मिमी. आणि आपल्याकडच्या टेंडरांत काय असतं? फेज-फेज २५, फेज-अर्थ १९ किंवा २०. पिढ्यान् पिढ्या कन्सल्टंट हेच आकडे उतरवत आलेत. शॉपचा डिझाइनवाला मुलगा मला हेच समजावत होता. म्हणाला, "साहेब, स्टँडर्डमध्ये आठच आहे, तुम्ही पंचवीस कशाला धरून बसलाय?"

मुलगा हुशार होता आणि कागदावर त्याचं बरोबरही होतं. आठ मिमी ही हवा फुटू नये म्हणून लागणारी किमान जागा आहे. ती स्वच्छ, घट्ट, तपासलेल्या बांधणीत मिळते आणि टिकते, असं गृहीत धरलेलं आहे. आमच्याकडे ऑफ सीझनला दार उघडून सफाई होते, परत बंद करताना वॉशर आत पडू शकतो, मापापेक्षा लांब बोल्ट कुणीतरी घालतो, पाल आत शिरते. पाल हे विनोदाने लिहीत नाही. ग्लँड प्लेटचं (केबल आत घेण्याच्या पत्र्याचं) एक भोक बुजवायचं राहिलं की ती आत आलीच, आणि उबेला थेट बारवर जाऊन बसते. पालीच्या लांबीपुढे ८ काय आणि २५ काय, पण २५ ला निदान तिच्या अंगाची रुंदी तरी मावते. शेपटीची हमी कुणीच देऊ शकत नाही.

शिवाय अंतर फक्त व्होल्टेजसाठी नसतं, हे मला त्या मुलाला सांगावं लागलं. शॉर्टसर्किटला दोन समांतर बार एकमेकांना ढकलतात किंवा ओढतात, आणि तो जोर करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, अंतराच्या प्रमाणात कमी होतो. या पॅनेलचे फेज ९० मिमी सेंटरवर आहेत. ५० केएचा पहिला शिखर-करंट २.१ पट म्हणजे १०५ केए धरा. हिशेब केला तर मधल्या फेजवर मीटरमागे दोन टनांहून जास्त जोर येतो. सपोर्ट दर ३०० मिमीवर आहेत, म्हणजे एकेका सपोर्टवर साडेसहाशे किलोच्या आसपास, तोही क्षणात. सेंटर निम्मे केले असते तर तोच जोर दुप्पट झाला असता. आमच्या ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स पाच टक्के आहे, तेव्हा खरा फॉल्ट २७ केएच्या आत राहील आणि जोर या हिशेबाच्या जेमतेम ३० टक्के. मग ५० केए कशाला घेतलं? शॉपकडे टेस्ट रिपोर्ट त्याच बांधणीचा होता म्हणून. तपासलेली ५० ची बांधणी सोडून न तपासलेली ३५ ची करून मागण्यात मला काही शहाणपण दिसलं नाही. एक मात्र पाहिलं: रिपोर्टमधल्या ड्रॉइंगचे सपोर्टचे अंतर आणि आम्हाला मिळालेल्या पॅनेलचे अंतर एकच आहे का. होतं. इथं बरेच जण हात मारतात. रिपोर्ट ३०० चा दाखवायचा आणि माल ४५० वर बांधायचा.

आता तपासणीचा दिवस. आमच्या वर्कशॉपच्या लेथवर नायलॉनच्या दोन गुल्ल्या काढून घेतल्या होत्या, एक २५ मिमी व्यासाची, दुसरी २० ची, दोन्हींना लांब दांडी. पट्टी घेऊन चेंबरमध्ये वाकून मोजण्यापेक्षा हे फार सोपं. गुल्ली फिरते की अडते एवढंच बघायचं. सरळ बारला अंतर ६० मिमी, २५ ची गुल्ली आरामात इकडून तिकडे. शॉपचे मालक हसून चहा सांगायला गेले.

मग आमचे हेड वायरमन, ज्यांना अख्खा कारखाना मामा म्हणतो, दांडी घेऊन ट्रान्सपोर्ट सेक्शनच्या जॉइंटपाशी गेले. पॅनेल लांब, म्हणून दोन तुकड्यांत येतं आणि साइटवर फिशप्लेट (जोडपट्टी) लावून बार जोडतात. शॉपमध्ये चाचणीसाठी ते जोडून ठेवलं होतं. मामांची गुल्ली अडली. वीसचीही अडली. "साहेब, हितं तर माझं बोटबी जाईना."

अडणारच होती. सरळ भागात एका फेजची जाडी ३० मिमी. जॉइंटला मधल्या फटीत एक फिशप्लेट, ती जाडी वाढवत नाही. पण बाहेरून दोन्ही बाजूंना ६ मिमीच्या प्लेट्स, म्हणजे ४२. राहिले ४८. त्यावर एम१२ चा बोल्ट ७० मिमी लांब: नटाच्या बाजूला वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट आणि वर उरलेले आटे मिळून साडेपंचवीस. शेजारच्या फेजचं बोल्टचं डोकं आणि वॉशर दहा. ही दोन्ही बरोबर समोरासमोर. ४८ मधून साडेपस्तीस गेले, उरले साडेबारा मिमी. टेंडरच्या पंचवीसच्या निम्मे. स्टँडर्डच्या आठपेक्षा जास्त, दीडपटीच्या म्हणजे बाराच्याही अर्धा मिमी वर. दीडपट असेल तर इम्पल्स चाचणी न करता मोजमापावर भागवायची सवलत आहे. मुलाने लगेच तोच मुद्दा काढला. मी म्हटलं, अर्ध्या मिमीवर सवलत घेऊ नका, साइटवरचा फिटर ७५ चा बोल्ट घालेल आणि सवलतही जाईल, अंतरही.

त्यांचा पहिला उपाय होता बोल्ट उलटे फिरवायचे. हे सगळीकडे सुचवतात आणि अर्धवटच चालतं. आर फेजचा नट बाहेरच्या बाजूला नेला तर आर-वायमध्ये दोन डोकी समोरासमोर येतात, अंतर २८, पास. पण वायचा नट अजून बीकडेच बघतो. छोटा ६५ चा बोल्ट घेतला तरी वाय-बीमध्ये साडेसतराच उरतात. तीन फेज आहेत, मधल्याला दोन शेजारी. बोल्ट कुठल्याही बाजूने घाला, एक जोडी अडकतेच. खरा उपाय एकच: मधल्या फेजचा जॉइंट पुढे सरकवायचा. वायचा जॉइंट १५० मिमीने सरकवला, बोल्ट ६५ चे केले. आता आरच्या नटासमोर वायचा नुसता बार येतो, प्लेट नाही, डोकं नाही. अंतर साडेतेहेतीस. मामांची पंचवीसची गुल्ली फिरली.

यासाठी वायचे बार परत कापावे, भोकं पाडावी आणि स्लीव्ह चढवावी लागली. डिलिव्हरी लांबली, आमचे परचेसवाले माझ्यावर चिडले, शॉपचे मालक दोन दिवस माझा फोन उचलत नव्हते. पण काम त्यांनी जादा पैसे न मागता केलं आणि नंतर स्वतः फोन करून सांगितलं की त्यांच्या स्टँडर्ड ड्रॉइंगमध्ये आता जॉइंट सरकवलेलाच आहे. याचे गुण मी वाढवून देतो.

स्लीव्हबद्दल. लाल-पिवळी-निळी हीट श्रिंक स्लीव्ह सरळ बारवर छान बसवलेली आहे. विक्रीवाला प्रत्येक प्रश्नाला "स्लीव्ह आहे ना साहेब" हे एकच उत्तर देत होता. स्लीव्ह पाल, उंदीर, हातातून निसटलेला पाना यांच्यापासून वाचवते, म्हणून हवीच. पण ती आहे म्हणून क्लिअरन्स कमी चालेल असं नाही, आणि जिथं अंतर सगळ्यात कमी असतं त्या जॉइंटवरच ती नसते. तिथं आम्ही कव्हर मागितलं. आलं ते पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं, चार स्क्रूवर. चांगलं आहे, फक्त थर्मल कॅमेरा त्यातून बघत नाही. हंगामात जॉइंटचं तापमान बघायला कव्हर काढावं लागतं, आणि चालू पॅनेलवर मी ते काढू देत नाही. कव्हरला बघण्यापुरती जाळीची खिडकी हवी होती. पुढच्या ऑर्डरीत घालणार.

दुसरी अडचण फीडरच्या टर्मिनलला. २५० अँपिअरच्या एमसीसीबीचे पोल एकमेकांपासून ३५ मिमीवर. त्यावर जाड अ‍ॅल्युमिनियम केबलचे लग (केबलच्या टोकाला बसवायची जोडणीची टोपणं) आले की दोन लगांमध्ये बोटभरही जागा उरत नाही. आम्ही मोजलं तिथं सात मिमी. ब्रेकरच्या खोक्यात फेज बॅरिअरच्या पातळ पट्ट्या असतात, त्या खाचेत सरकवल्या की प्रश्न मिटतो. पॅनेल आलं तेव्हा निम्म्या फीडरना पट्ट्याच नव्हत्या. शॉपने पाठवल्या, आम्ही लावल्या, आणि केबल टर्मिनेशनच्या ठेकेदाराच्या पोरांनी स्पॅनर फिरत नाही म्हणून काढून खाली टाकल्या. केबल अ‍ॅलीच्या तळातून मामांनी त्या गोळा केल्या. ४०० अँपिअरच्या फीडरना शॉपने स्प्रेडर दिलेत, म्हणजे ब्रेकरच्या टर्मिनलवरून बाहेर फाकणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या. तिथं लगांमध्ये अंतर भरपूर आणि केबल वाकवायलाही सोपं. २५० ला स्प्रेडर दिले असते तर खर्च किरकोळ वाढला असता. हा कंजूसपणा मला आवडला नाही.

चाचण्या व्यवस्थित झाल्या. १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र), मग २.५ केव्ही एक मिनिट प्रत्येक फेज बाकीच्यांविरुद्ध आणि अर्थविरुद्ध, परत मेगर. स्टँडर्डच्या नेहमीच्या चाचणीत १८९० व्होल्ट आहेत. जुन्या सवयीचा आकडा आम्हीच धरला आणि त्यांनी वाद घातला नाही. जॉइंटचे बोल्ट टॉर्क रेंचने आवळून वर रंगाची रेघ मारली होती. साइटवरच्या जॉइंटला मात्र रेघ मारायला त्यांचा माणूस विसरला, ती आम्ही मारली.

जागेबद्दल एक गोष्ट, जी पॅनेलवाल्याच्या अखत्यारीत येत नाही, पण त्याच्या लेआउट ड्रॉइंगमध्ये चुकली होती. पॅनेलमागे भिंतीपर्यंत ४५ सेंटिमीटर दाखवले होते. मागच्या बाजूला जोडण्या असतील तर नियमात मागची जागा २० सेंमीपेक्षा कमी तरी हवी किंवा ७५ सेंमीपेक्षा जास्त. मधलं काही चालत नाही, कारण ४५ सेंमीत माणूस शिरतो पण फॉल्ट झाला तर बाहेर पडत नाही. पुढे एक मीटर मोकळं. विद्युत निरीक्षकाने हेच पहिल्यांदा मोजलं असतं. सिव्हिलवाल्यांचा फाउंडेशनचा खड्डा तोवर खणून झाला नव्हता, म्हणून निभावलं. मागे आता ९० आहेत.

हंगाम संपल्यावर दारं उघडली. आयपी ५४ चा अनुभव: दाराच्या गॅस्केटातून भुकटी आत आलेली नाही, बसबार चेंबर जवळपास स्वच्छ. केबल अ‍ॅलीच्या तळाशी थर आहे, तो ग्लँड प्लेटमधून. दोष आमच्या ठेकेदाराचा. सपोर्टच्या खाचांत बारीक धूळ होती, कोरड्या ब्रशने निघाली. कुठेही काळी रेघ नाही.

खरी परीक्षा हंगामानंतर सुरू होते हे बाहेरच्यांना पटत नाही. हंगामात पॅनेल गरम असतं, ओल टिकत नाही. गाळप थांबलं, वरून पाऊस लागला, की थंड पत्र्याला आतून पाणी सुटतं. ऑगस्टमध्ये एका फेजचा अर्थशी मेगर ४० मेगओमवर आला होता. स्पेस हीटर थर्मोस्टॅटवर आहेत, पण त्यांचा सप्लाय शॉपने मेन बसवरूनच घेतलेला. म्हणजे पॅनेल बंद केलं की हीटरही बंद, आणि हीटर लागतो तो नेमका तेव्हाच! लायटिंग बोर्डावरून वेगळी लाइन ओढून दिल्यावर दोन दिवसांत मेगर ५०० च्या वर गेला. हे शॉपने विचारायला हवं होतं. साखर कारखान्याला माल देताय म्हटल्यावर सहा महिने पॅनेल थंड राहणार, हे माहीत पाहिजे.

सर्व्हिस मध्यम. फोन लागतो, माणूस तिसऱ्या दिवशी येतो, सुटे भाग आठवड्यात. एसीबीचा शटर एकदा अडकत होता, तो त्यांच्या माणसाने नीट केला आणि मामांना शिकवूनही गेला.

बॉयलिंग हाऊसच्या एमसीसीची (मोटर कंट्रोल सेंटर, मोटारींच्या पॅनेलची) चौकशी याच शॉपकडे पाठवली आहे. पीओच्या (खरेदी ऑर्डरच्या) अटींत या वेळी लिहिलंय: अंतर सरळ बारला नव्हे, बोल्टच्या टोकापासून मोजणार, मधल्या फेजचा जॉइंट सरकवलेला, २५० च्या फीडरनाही स्प्रेडर, जॉइंटच्या कव्हरला खिडकी, हीटरचा सप्लाय बाहेरून. तपासणीला गुल्ल्या आमच्या, आणि मामा बरोबर येणार.